दोन गाड्यांमधली पावले

शहराच्या मध्यभागातून ट्राम नेण्याचा आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा त्यातले पहिले चित्र बहुधा सारखेच असते. झाडांच्या सावलीतला रुंद रस्ता, हिरवळीत बसवलेले रूळ, मोठ्या काचांची गाडी आणि पदपथावरून निवांत चालणारी माणसे. हे चित्र मला मनापासून आवडते. मोटारींच्या सोयीसाठी वर्षानुवर्षे रुंद होत गेलेला रस्ता पुन्हा माणसांच्या वावराचा व्हावा, ही इच्छा त्यात उघड दिसते आणि ती रास्त आहे. पण असे आराखडे वाचण्याची सवय लागल्यापासून मी चित्र उलटून आधी दोन गोष्टी शोधते. ट्रामला एकूण लांबीपैकी किती अंतरावर स्वतःची मार्गिका मिळणार आहे, आणि मध्यवर्ती स्थानकात एका गाडीतून उतरलेल्या माणसाला दुसऱ्या गाडीपर्यंत किती चालावे लागणार आहे. ही उत्तरे बहुतेक वेळा कुठल्यातरी परिशिष्टात सापडतात, आणि त्या मार्गाचे भवितव्य, माझ्या मते, त्याच पानांवर ठरलेले असते.

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले ट्रामचे रूळ उखडले किंवा डांबराखाली गाडून टाकले होते. न्यू ऑर्लीन्स, सॅन फ्रान्सिस्को, फिलाडेल्फिया, बॉस्टन अशा मोजक्या ठिकाणी काही मार्ग तग धरून राहिले. पुढे नव्या पिढीच्या ट्रामची जी लाट आली, तिची सुरुवात २० जुलै २००१ रोजी ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये झाली. या मार्गाच्या आखणीतले एक शहाणपण जमिनीखाली असल्यामुळे सहसा नजरेत येत नाही. तिथे मुद्दाम आखूड, सुमारे २० मीटर लांबीच्या गाड्या निवडल्या गेल्या आणि रुळांखालचा काँक्रीटचा थर जेमतेम ३० सेंटिमीटर खोल ठेवला गेला. खोदाई उथळ राहिल्यामुळे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या बऱ्याचशा वाहिन्या हलवाव्या लागल्या नाहीत, आणि रस्त्याचा एकेक तुकडा काही आठवड्यांत पुरा करून मोकळा करता आला.

रुळांबरोबर तिथे जमिनीचे नियमही बदलले, आणि हे मला त्याहून मोलाचे वाटते. आज पर्ल डिस्ट्रिक्ट म्हणून ओळखला जाणारा भाग एके काळी रेल्वेचे यार्ड आणि गोदामे यांनी व्यापलेला होता. तिथला लव्हजॉय रॅम्प हा उंच मार्ग १९९९ मध्ये पाडण्यात आला. शहराने त्या जमिनीच्या विकासकाशी जो करार केला होता, त्यानुसार रॅम्प हटवणे, ट्राम आणणे, उद्यान करणे अशी शहराने एकेक जबाबदारी पार पाडली की विकासकाने एकरी घरांची किमान संख्या वाढवायची होती. नंतर इतर शहरांत हे उदाहरण सांगितले गेले तेव्हा ट्राम आली आणि इमारती उभ्या राहिल्या एवढेच सांगितले गेले, करार मात्र गाळला गेला. जिथे घरे बांधण्याला नियमांनी आडकाठी आहे, किंवा रुळांलगतचे मोठे भूखंड मोटारी उभ्या करण्यासाठीच राखले आहेत, तिथे रुळांनी एकट्याने शहर बदलावे ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

मार्गिकेचा प्रश्न मी पहिला का धरते, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, मार्ग ४ किलोमीटरचा आहे आणि थांबे, सिग्नल, वळणे धरून गाडीचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर आहे. एका बाजूला २० मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटांचा विसावा धरला, तर पूर्ण फेरीला ५० मिनिटे होतात आणि दर १० मिनिटांनी गाडी सोडायला ५ गाड्या पुरतात. आता तीच ट्राम मोटारींच्या गर्दीत मिसळून चालली आणि वेग ताशी ८ किलोमीटरवर आला, तर एका बाजूला ३० मिनिटे आणि पूर्ण फेरीला ७० मिनिटे लागतील. गाड्या पाचच असतील, तर दोन गाड्यांमधले अंतर १४ मिनिटांचे होईल. पुन्हा १० मिनिटांवर यायचे तर आणखी २ गाड्या विकत घ्याव्या लागतील, त्यांच्यासाठी आगारात जागा करावी लागेल आणि चालकांचा पगार वर्षानुवर्षे द्यावा लागेल. एवढे सगळे करून प्रवाशाला काहीही नवे मिळणार नाही, फक्त गमावलेले परत मिळेल. मार्गिका नाकारण्याची किंमत अशी चालवण्याच्या खर्चात कायमची भरत राहावी लागते, आणि बांधकामाच्या अंदाजपत्रकात ती कुठेच दिसत नसल्यामुळे मार्गिका नाकारणे स्वस्त भासते.

डेट्रॉइटमध्ये १२ मे २०१७ रोजी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ट्राम सुरू झाली. मार्ग ३.३ मैलांचा आहे आणि तिचे रूळ बऱ्याचशा लांबीत रस्त्याच्या कडेने, मोटारींसोबतच्या मार्गिकेत आहेत. कडेचे रूळ पदपथाजवळ येतात, त्यामुळे चढणे-उतरणे सोपे होते, हे खरे आहे. पण शहरी रस्त्याची कडा हीच सगळ्यात भांडणाची जागा असते. माल उतरवणारा टेम्पो, प्रवाशाची वाट पाहणारी टॅक्सी, दोन मिनिटांत येतो म्हणून उभी केलेली मोटार, उजवीकडे वळण्यासाठी खोळंबलेली रांग (तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात), सगळे तिथेच. बस अशा अडथळ्याला वळसा घालून पुढे जाते. ट्रामला ते शक्य नाही. चार बोटे रुळांवर आलेली एक मोटार मागच्या सगळ्या गाड्या रोखून धरते, आणि त्या मोटारीला ओढून नेणारे वाहन येईपर्यंत शेकडो माणसांची वेळापत्रके एका माणसाच्या सोयीवर टांगलेली राहतात. वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ट्रामलाही याच दुखण्याने ग्रासले, आणि २०२५ मध्ये शहराने ती सेवा गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. अपयशाचे खापर तेव्हा ट्राम या वाहनावर फोडले गेले. रूळ कोणत्या मार्गिकेत टाकायचे हा निर्णय मात्र ट्रामने घेतलेला नव्हता.

टोरांटोचा अनुभव यापेक्षा खूप उमेद देणारा आहे. किंग स्ट्रीटवरची ट्राम शहरातल्या सर्वाधिक वर्दळीच्या मार्गांपैकी एक, आणि तरीही मध्यभागात ती पायी चालण्याच्या वेगावर येत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बॅथर्स्ट ते जार्व्हिस या सुमारे अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात शहराने नियम बदलले. मोटारींना रस्त्यावर येता येईल, पण बहुतेक चौकांत सरळ पुढे जाता येणार नाही, उजवीकडे वळून बाहेर पडावे लागेल. ट्रामचे थांबे चौकाच्या अलीकडून पलीकडे हलवले, म्हणजे सिग्नल ओलांडल्यावरच गाडी थांबू लागली. नवे रूळ टाकावे लागले नाहीत, बोगदा तर नाहीच. आठवड्याच्या कामाच्या दिवशी साधारण ७२ हजार असलेले प्रवासी ८४ हजारांवर गेले, आणि एप्रिल २०१९ मध्ये हा प्रयोग कायम झाला. पुढे नियमांची अंमलबजावणी ढिली पडली तसा वेगही घसरला, आणि चौकांत वाहतूक नियंत्रक उभे केल्यावर तो पुन्हा सुधारला. आराखड्यात मार्गिका रंगवून दाखवली की काम झाले असे नाही. त्या रंगाचा मान राखला जातो की नाही हे पाहणाऱ्या माणसांचा पगारही त्याच आराखड्यात धरलेला असावा.

झुरिचची गोष्ट मला याहूनही धीराची वाटते, कारण तिथे नागरिकांनी महागडा पर्याय दोनदा नाकारला. मध्यभागात ट्राम जमिनीखाली नेण्याची योजना त्यांनी १९६२ मध्ये मतदानाने फेटाळली आणि भुयारी रेल्वेची योजना १९७३ मध्ये. मग १९७७ मध्ये रस्त्यावरच्याच ट्राम आणि बसना प्राधान्य देण्यासाठी २० कोटी फ्रँक खर्चायला त्याच नागरिकांनी मंजुरी दिली. त्यातून सिग्नल बदलले गेले, ट्राम जवळ आल्याची खबर चौकाला आधी मिळू लागली आणि गाडी पोहोचेपर्यंत दिवा हिरवा होऊ लागला. भुयार खणून जो वेग मिळवायचा, त्यातला बराच वेग त्या शहराने जमिनीवरच्या शिस्तीतून मिळवला. भुयारी पर्यायाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. त्यात रस्त्यावरच्या मोटारींना कोणी धक्का लावत नाही. १९८९ च्या सुमारास फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये स्वयंचलित भुयारी रेल्वे की ट्राम असा वाद पेटला, तेव्हा अनेक दुकानदारांचा ओढा याच कारणासाठी भुयाराकडे होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत कातरीन त्रोतमान महापौर झाल्या, ट्रामचा निर्णय झाला, आणि १९९४ च्या नोव्हेंबरात पहिला मार्ग सुरू होईपर्यंत प्लास क्लेबर हा मध्यवर्ती चौक मोटारींपासून मोकळाही झाला होता.

दुकानदारांच्या भीतीकडे मी तरीही हलकेपणाने पाहणार नाही. ती पुष्कळदा ट्रामची नसते, खोदकामाची असते. एडिंबरोमध्ये २००८ साली ५४.५ कोटी पौंडांचा अंदाज धरून ट्रामचे काम सुरू झाले. प्रत्यक्षात नियोजित मार्ग अर्ध्यात तोडून, विमानतळापासून यॉर्क प्लेसपर्यंतचा १४ किलोमीटरचा तुकडा ३१ मे २०१४ रोजी, ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षे उशिरा सुरू झाला आणि खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला. ठेकेदारांशी झालेले वाद हे त्याचे मोठे कारण होते, आणि जुन्या शहराच्या पोटातल्या वाहिन्या हलवण्याच्या कामाने वेळ आणि पैसा दोन्ही खाल्ले. त्या सगळ्या वर्षांत ज्याच्या दुकानासमोर पत्रे ठोकलेले होते, त्याला भविष्यातल्या वर्दळीचे आश्वासन पुरत नाही. जमिनीखाली काय आहे याचा नकाशा निविदेच्या आधी तयार करणे, शंकेच्या जागी चाचणीचे खड्डे घेणे आणि बांधकामाच्या काळात लहान व्यावसायिकांना भरपाई देणे ही कामे कंटाळवाणी आहेत, पण ती टाळून वाचवलेले महिने पुढे दुपटीने परत द्यावे लागतात.

आता पावलांच्या प्रश्नाकडे. वाहतुकीचे नियोजन करणारे लोक प्रवाशाचा वेळ मोजताना गाडीत बसलेले मिनिट आणि थांब्यावर उभे राहिलेले मिनिट एकसारखे धरत नाहीत. वाट पाहण्याचा आणि चालण्याचा वेळ साधारण दुप्पट भाराने धरण्याचा प्रघात आहे, कारण माणसांना तो तेवढा जड जातो. ज्याने पावसात, हातात सामान घेऊन, पुढची गाडी सुटेल की काय या धास्तीने रस्ता ओलांडला आहे, त्याला हा भार पटवून द्यावा लागत नाही. म्हणून मध्यवर्ती परिवहन केंद्राची आखणी ही मुळात अंतरांची आखणी आहे, आणि इमारतीचा दर्शनी भाग कितीही देखणा झाला तरी हे अंतर त्यामुळे कमी होत नाही.

वॉशिंग्टनच्या त्याच ट्रामचे पश्चिमेकडचे टोक युनियन स्टेशनच्या मागच्या पुलावर होते. नकाशावर ट्राम रेल्वेस्थानकाला जोडलेली दिसे, पण उतरलेल्या प्रवाशाला स्थानकात जायला मोटारींच्या बहुमजली वाहनतळातून वाट काढावी लागे. डेन्व्हरने २०१४ मध्ये आपल्या युनियन स्टेशनचे अतिशय सुंदर पुनरुज्जीवन केले, जुनी इमारत पुन्हा गजबजली, बससाठी भुयारी स्थानक झाले. पण काही मार्गांचे लाइट रेलचे, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या शहरी रेल्वेचे, फलाट त्या इमारतीपासून लांब, मालगाड्यांच्या रुळांजवळ गेले, आणि आगगाडीतून त्या गाडीकडे जाणाऱ्याला भुयारी बसस्थानकाची पूर्ण लांबी चालावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ च्या ऑगस्टमध्ये छतावर मोठे उद्यान असलेले भव्य केंद्र खुले झाले. काही आठवड्यांतच तुळयांना तडे आढळल्याने ते बंद करावे लागले आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये पुन्हा उघडले, पण ज्या आगगाड्यांसाठी त्याचे तळघर बांधून ठेवले आहे त्यांचा बोगदा व्हायचाच आहे. या तिन्ही ठिकाणी काम करणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. जमिनीची मालकी, आधीचे रूळ, पैशाची उपलब्धता अशी खरी बंधने त्यांच्यापुढे होती. तरीही तडजोड करायची वेळ आली की सगळ्यात आधी प्रवाशाची पावले वाढतात, हे या उदाहरणांत मला सारखे दिसते आणि ते मला सलते.

याउलट स्ट्रासबर्गचे ओम द फेर हे स्थानक पाहावे. तिथे एकमेकांना काटकोनात छेदणारे ट्राममार्ग एका वर्तुळाकार काचेच्या छताजवळ एकत्र येतात. जिना नाही, दालन नाही, दरवाजा नाही. एका गाडीतून उतरायचे, कोपरा ओलांडायचा आणि दुसरीत बसायचे. मी तिथे बराच वेळ उभी राहून फक्त माणसे गाडी बदलताना पाहिली होती, आणि त्यांच्या चालण्यात घाई नव्हती हे मला सर्वांत जास्त भावले. फलाट आणि गाडीचा तळ जवळपास एका पातळीत असल्यामुळे चाकाची खुर्ची आणि बाबागाडी सहज आत जात होती. हा दंडक फ्रान्समध्ये ग्रनोब्ल शहराने १९८७ मध्येच घालून दिला होता. तिथल्या अपंग नागरिकांच्या संघटनांनी रेटा लावला आणि ट्रामचा तळ खाली आणला गेला. त्याचा लाभ प्रत्येक प्रवाशाला झाला, कारण पायरी नसली की चढ-उतार लवकर होते, थांब्यावरचे सेकंद वाचतात, आणि हे वाचलेले सेकंद वरच्या ५० मिनिटांच्या हिशेबात जमा होतात.

केंद्राच्या आखणीत आणखी एक प्रश्न असतो, जो नकाशापेक्षा वेळापत्रकाचा आहे. ज्या शहरांत बस अर्ध्या तासाने येते, तिथे सगळ्या बस एकाच वेळी केंद्रात आणून, प्रवाशांना बदलायला काही मिनिटे देऊन, पुन्हा एकदम सोडण्याची पद्धत फार उपयोगी पडते. पण त्यासाठी एकाच वेळी सगळ्या बस उभ्या राहतील एवढी जागा लागते, आणि तीही शहराच्या सगळ्यात महाग, सगळ्यात गजबजलेल्या भागात. मग केंद्र फुगते, फलाट लांब होतात आणि ज्या बदलासाठी हे केले तोच बदल अवघड होतो. माझा कल दुसरीकडे आहे. पूर्वेकडून येणारा मार्ग मध्यभागात संपवण्याऐवजी पश्चिमेकडच्या मार्गाला जोडून आरपार न्यावा, गाड्यांचा विसावा शहराच्या कडेला हलवावा आणि मध्यभागात गाडीने फक्त थांबून पुढे जावे. मग बऱ्याच प्रवाशांना गाडी बदलावीच लागत नाही, आणि ट्राम व बस यांना एकाच फलाटाच्या दोन कडा देणे शक्य होते. यात एका टोकाचा उशीर दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो, हा धोका आहे. मार्गिका आणि सिग्नल यांचा आग्रह इथेही पुन्हा धरावा लागतो तो त्यासाठीच.

मार्गाच्या आकाराबद्दलही मला ठाम मत आहे. अटलांटात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेला मार्ग एका दिशेने फिरणारा २.७ मैलांचा फेरा आहे. फेरा नकाशावर आकर्षक दिसतो आणि अनेक ठिकाणांना शिवतो, पण ज्याला जाताना जवळ पडते त्याला येताना उरलेला सगळा फेरा मारावा लागतो. कॅन्सस सिटीने मे २०१६ मध्ये सरळ मेन स्ट्रीट धरून रिव्हर मार्केट ते युनियन स्टेशन असा सुमारे साडेतीन किलोमीटरचा मार्ग केला. मार्गालगतच्या परिसरासाठी वेगळा परिवहन विकास जिल्हा करून तिथल्या विक्रीकरातून आणि मालमत्तेवरच्या आकारणीतून पैसा उभा केला आणि प्रवास मोफत ठेवला. मार्ग सरळ असल्यामुळे तो पुढे वाढवणेही सरळ होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो त्याच रस्त्याने दक्षिणेला विद्यापीठापर्यंत गेला. छोटा मार्ग हा दोष नाही, पण तो पुढे कुठे जाणार हे पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवे.

सायकलस्वारांसाठी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रुळांच्या खाचेत सायकलचे चाक अडकून होणारे अपघात गंभीर असतात. रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडता येतील अशी वाट चौकाचौकात आखणे, किंवा सायकलचा मार्ग थांब्याच्या मागून वळवून नेणे, हे रूळ टाकण्याआधीच ठरले पाहिजे. नंतर त्याला जागा उरत नाही.

आराखड्यावरच्या जनसुनावणीला येणारी माणसे बहुधा तीच असतात, ज्यांना संध्याकाळी मोकळा वेळ आहे आणि ज्यांच्या दारासमोरची पार्किंगची जागा जाणार आहे. रात्रपाळी संपवून पहाटे दोन गाड्या बदलत घरी जाणारी परिचारिका तिथे येऊ शकत नाही, कारण सुनावणीच्या वेळी ती कामावर निघालेली असते. तिची नोंद घ्यायची असेल तर नियोजनकर्त्यांनी तिच्याकडे गेले पाहिजे, पहाटेच्या थांब्यावर उभे राहून तिला विचारले पाहिजे की कोणत्या गाडीतून कोणत्या गाडीत जाता, मध्ये किती वेळ थांबता आणि तिथे दिवा असतो का. आणि वेळापत्रकात एक नियम लिहून ठेवला पाहिजे, की केंद्रात येणारी शेवटची आगगाडी पोहोचेपर्यंत रात्रीच्या शेवटच्या ट्रामने, ठरलेल्या मर्यादेत, थांबायचे. त्यासाठी आगगाडी किती मिनिटे उशिरा आहे हे ट्रामच्या चालकाला कळवणारी यंत्रणा, त्या जादा मिनिटांचा चालकाला मोबदला आणि थांबण्याचा निर्णय कोणी घ्यायचा याची स्पष्ट नोंद, एवढे आराखड्यात हवे. बांधकामाच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य असते, आणि ती अंदाजपत्रकात धरली आहे का, हे मी आता मार्गिका आणि पावले यांच्यानंतर लगेच पाहते.